गळू, गाडी आणि दोन अक्षरं : भाच्याच्या आजाराचं मूळ शोधताना

ऑगस्ट 2023. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि साडेचार वर्षांच्या भाच्याचा ताप अकरा दिवस उतरत नव्हता. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात सोनोग्राफी केली तेव्हा यकृतात लिंबाएवढं गळू दिसलं. सुईने काढलेल्या पुवात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू वाढला. औषधं सुरू झाली, ताप उतरला. तिथेच सगळं संपलं असतं, पण वॉर्डातल्या डॉक्टरांनी बहिणीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "बीसीजी दिल्यावर काखेत काही आलं होतं का?"

आलं होतं. तीन महिन्यांचा असताना डाव्या काखेत गाठ आली, फुटली आणि दोन महिने वाहत राहिली. दुसऱ्या वर्षी मानेत गाठ, तिला चिरा दिला. मध्ये एकदा न्यूमोनिया. दर वेळी डॉक्टर वेगळे, फाइल वेगळी, आणि दर वेळी पोर बरं होऊन घरी आलं. हे चार कागद एका टेबलावर कधी आलेच नव्हते.

म्हणून पुढचं काही सांगण्याआधी हे सांगते. घरात असं मूल असेल तर डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एक पान तयार करा. तारीख, मुलाचं वय, कुठला अवयव, कुठला जंतू सापडला, कुठलं औषध किती दिवस, भरती करावं लागलं का, एवढंच. जंतूचं नाव कल्चरच्या (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीच्या) रिपोर्टवर असतं, डिस्चार्ज कार्डावर बरेचदा नसतं, म्हणून कल्चरची प्रत वेगळी मागून घ्या. आमच्या त्या एका पानाने पुढच्या चौदा महिन्यांत जेवढं काम केलं तेवढं जाड फाइलने केलं नाही.

संशय होता तो आजार म्हणजे क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, थोडक्यात सीजीडी. पांढऱ्या पेशींमधल्या न्यूट्रोफिल या पेशी जंतू गिळतात आणि आत ऑक्सिजनपासून जहाल रसायनं तयार करून त्याला मारतात. ही रसायनं बनवणाऱ्या यंत्रणेचं नाव नॅडपीएच ऑक्सिडेज. सीजीडीत पेशी जंतू गिळते, पण मारू शकत नाही. जंतू आत जिवंत राहतो, शरीर त्याच्याभोवती गाठी बांधत बसतं. सगळेच जंतू त्रास देतात असं नाही. स्टॅफिलोकॉकस, सेराशिया, बुरखोल्डेरिया, नोकार्डिया, अ‍ॅस्परजिलस बुरशी अशी ठरलेली मंडळी असतात. आपल्याकडे जन्मल्याबरोबर बीसीजी देतात. ती जिवंत जिवाणूंची लस, त्यामुळे तिथेच पहिली खूण मिळू शकते. 1950च्या दशकात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला तेव्हा त्याच्या नावातच 'जीवघेणा' हा शब्द होता. आता तसं राहिलेलं नाही, रोजच्या प्रतिबंधक औषधांवर मुलं मोठी होतात आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बराही होऊ शकतो.

यंत्रणा एक असली तरी तिचे मुख्य भाग पाच, आणि प्रत्येक भागाचं जनुक वेगळं. सीवायबीबी हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. ते बिघडलं तर आजार बहुतेक मुलग्यांना होतो आणि तो आईकडून येतो. बाकीची चार, म्हणजे सीवायबीए, एनसीएफ1, एनसीएफ2 आणि एनसीएफ4, साध्या गुणसूत्रांवर. तिथे आई आणि बाबा दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो, मुलगा असो वा मुलगी. कुठला भाग बिघडला हे का शोधायचं? औषधं तर तीच राहतात. पण पुढच्या बाळाला धोका किती, मावशीच्या मुलांना आहे का, मामाच्या मुलांना आहे का, हे त्यावर ठरतं. मी या गोष्टीतली मावशी. पहिल्या प्रकारात माझ्याही दोन मुलांचा प्रश्न होता.

पहिलं काम घरचंच निघालं, वंशावळ. जनुकीय आजारांच्या समुपदेशक बाईंनी तीन पिढ्या मागितल्या. चौकोन पुरुष, वर्तुळ बाई, गेलेल्यावर तिरकी रेघ, गर्भपात झाला असेल तर छोटा त्रिकोण. प्रत्येकाच्या खाली वय, गाव, कशाने गेला. लग्न नात्यात झालं असेल तर जोडणारी रेघ दुहेरी. ऐकायला सोपं आहे. "आपल्याकडे कुणाला असा आजार होता का?" असं विचारलं की सगळे "नाही बाई" म्हणतात. प्रश्न बदलावा लागतो. मी आईला, म्हणजे भाच्याच्या आजीला, विचारलं, "तुझी बाळंतपणं किती झाली? त्यातली हाती लागली किती?" तेव्हा तिने सहज सांगितलं की माझ्या आधी एक मुलगा होता, आठ महिन्यांचा होऊन गेला, 1984 साली. "ताप आला, पोट फुगलं. दृष्ट लागली असं सगळी म्हणत होती, फार गोरागोमटा होता." चाळीस वर्षांत त्याचा विषय घरात निघाला नव्हता.

भाच्याच्या आईचा भाऊ तान्हेपणी गेलेला, आणि आता तिचा मुलगा आजारी. कागदावर ती आकृती काढली की कुणीही म्हणेल, एक्स गुणसूत्र. समुपदेशक बाईही तेच म्हणाल्या, आणि लगेच म्हणाल्या, "पण त्या काळात तान्ही मुलं शंभर कारणांनी जायची." आम्ही पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं ऐकलं नाही.

गोव्यात या कामाला एक चांगला आधार आहे. जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद इथे पोर्तुगीज काळापासून होत आली आहे आणि जुनी बुकं तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे चौकशी केली तर सापडतात. जुन्या जन्मनोंदींत आईबाबांबरोबर दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावंही असतात, त्यामुळे बहिणीचं सासर आणि आमचं माहेर मागे कुठे एकत्र येतात का हे तपासता आलं. 1961च्या आधीचं लिखाण पोर्तुगीजमध्ये असतं, पण नावं आणि तारखा डोळ्यांनी उचलता येतात. अर्जात व्यक्तीचं नाव, वडिलांचं नाव आणि अंदाजे साल द्यावं लागतं. साल माहीत नसेल तर कारकून पुढेमागे चारपाच वर्षं बघतो, पण त्याला गर्दी नसलेल्या वेळी गाठावं. आम्हाला दोन्ही घराण्यांत चार पिढ्यांपर्यंत समाईक नाव सापडलं नाही. मृत्यूच्या नोंदीत भाच्याच्या त्या तान्हेपणी गेलेल्या मामाचं नाव सापडलं. कारणाचा रकाना कोरा होता.

आता मुख्य चाचणी. तिचं नाव डीएचआर. रक्ताच्या काही थेंबांत डायहायड्रोऱ्होडामिन नावाचं द्रव्य घालतात, मग पेशींना पीएमए या रसायनाने डिवचतात. पेशीने ऑक्सिजनची रसायनं बनवली तर ते द्रव्य हिरवं चमकू लागतं, आणि फ्लो सायटोमीटर एकेक पेशी किती चमकली ते मोजतो. चाचणी दोनतीन तासांची आहे. अडचण एवढीच की पेशी जिवंत हव्यात. रक्त काढल्यापासून शक्यतो 24 तासांत काम व्हावं. फार तर 48. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, वाडिया मुलांचं रुग्णालयही जवळच. या आजारांचं काम तिथे वर्षानुवर्षं चालतं. म्हणजे आमचा प्रश्न जीवशास्त्राचा कमी आणि वाहतुकीचा जास्त होता.

पहिल्यांदा आम्ही चुकलो. शुक्रवार, 15 सप्टेंबरला रक्त काढून कुरिअरने पाठवलं. डबा शनिवारी संध्याकाळी मुंबईत पोचला आणि गोदामात पडून राहिला. सोमवारी दुपारी प्रयोगशाळेच्या हाती लागला तेव्हा तीन दिवस झाले होते, आणि दुसऱ्या दिवशी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. त्यांनी तरीही मशीनवर लावून पाहिलं. एक गोष्ट मात्र बरोबर केली होती म्हणून वाचलो. डब्यात शेजारच्या एका निरोगी माणसाचं रक्तही होतं, त्याच वेळी काढलेलं. त्याच्याही पेशी चमकल्या नाहीत. म्हणजे दोष प्रवासाचा. ते रक्त नसतं तर भाच्याच्या नावावर खोटाच रिपोर्ट लागला असता.

याला प्रवासी कंट्रोल म्हणतात. तो रक्ताच्या नात्यातला नको. बाबांचं रक्त 'सोयीचं आहे' म्हणून पाठवू नका, तेच कदाचित तपासायचं असतं. बाकीचं असं : डीएचआरसाठी आमच्याकडून हिरव्या टोपणाची हेपॅरिनची नळी मागितली होती, काही ठिकाणी जांभळ्या टोपणाची ईडीटीएही चालते, म्हणून आधी फोन करून विचारा. लहान मुलाचं दोनतीन मिली पुरतं. नळी काढल्याबरोबर हलक्या हाताने आठदहा वेळा उलटीसुलटी करा, जोरात हलवू नका. बर्फ नको, फ्रिज नको. थर्माकोलच्या डब्यात साध्या खोलीच्या तापमानाला ठेवा आणि डबा उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. नळीवर नाव, वय आणि रक्त काढल्याची तारीख-वेळ पेनाने. सोमवार ते गुरुवार पोचेल असंच पाठवा आणि पंचांग बघा. चवथ, दिवाळी, नाताळ हे तिन्ही आठवडे सोडून द्या. मूल तापाने फणफणलेलं नसेल तर सगळ्यात उत्तम म्हणजे मुलालाच घेऊन जाणं.

आम्ही तेच केलं. रविवारी 8 ऑक्टोबरला थिवीहून कोकणकन्या धरली. पावसाळी वेळापत्रक अजून चालू होतं, त्यामुळे वेळ आदल्या दिवशी परत तपासली. सकाळी दादरला उतरून थेट परळ. भाचा, बहीण, मेहुणे आणि मी. मुलाच्या आईचं रक्त त्याच दिवशी घ्यायला लावा, विसरू नका. एक्स गुणसूत्राचा प्रकार असेल तर उत्तर तिच्या रक्तात दिसतं. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स काम करतो. आई वाहक असेल, म्हणजे स्वतः आजारी नसली तरी बिघडलेली प्रत तिच्याकडे असेल, तर तिच्या काही पेशी चमकतात, काही चमकत नाहीत, आणि आलेखावर एकाऐवजी दोन शिखरं उभी राहतात. डॉक्टरांनी बहिणीला तोंडात वरचेवर फोड येतात का, उन्हाने अंगावर चट्टे येतात का, हेही विचारलं. वाहक बायकांना असा त्रास होऊ शकतो. तिला दोन्ही नव्हतं.

दुपारी तंत्रज्ञांनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. वरच्या ओळीत कंट्रोल : डिवचण्याआधी डावीकडे एक उंच डोंगर, डिवचल्यावर तोच डोंगर उचलून पार उजवीकडे ठेवल्यासारखा. मधल्या ओळीत भाचा : डोंगर जागचा थोडासा सरकला, आणि सरकताना पसरट झाला, शेणाची गोवरी थापावी तसा. खालच्या ओळीत बहीण. आम्ही तिघंही दोन शिखरं शोधत होतो. एकच होतं, उजवीकडे, स्वच्छ.

"म्हणजे मी नाही?" बहिणीने विचारलं.

"एक्सवाला प्रकार दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आणि त्याचा डोंगर थोडा तरी सरकला आहे. एक्सच्या प्रकारात बहुधा जागचा हलत नाही. मला दुसऱ्याच जनुकाचा वास येतो. पण थांबा."

दोन महिने बहीण स्वतःला बोल लावत होती. त्या संध्याकाळी दादरच्या फलाटावर ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

इथे एक बारकावा. डीएचआर बिघडलेली दिसली म्हणजे सीजीडीच असं नाही. मायलोपेरॉक्सिडेज नावाच्या विकराची पूर्ण कमतरता असेल तरी आलेख असाच फसवतो, आणि जी6पीडीची तीव्र कमतरताही तसंच करू शकते. म्हणून जी6पीडी त्याच दिवशी करून घेतली. ती पुढे सेप्ट्रान, म्हणजे कोट्रायमॉक्साझोल, या औषधासाठीही लागतेच, कारण कमतरता असेल तर ते औषध जपून द्यावं लागतं.

औषधं ऑक्टोबरपासूनच सुरू झाली. कोट्रायमॉक्साझोल रोज, बुरशीसाठी इट्राकोनाझोल रोज. दोन्ही वजनावर ठरतात, म्हणून दर भेटीला वजन. इट्राकोनाझोलची कॅप्सूल जेवणाबरोबर आणि पातळ औषध उपाशीपोटी, हे औषधवाल्याने नाही, समुपदेशक बाईंनी सांगितलं. अधूनमधून यकृताची तपासणी.

मग जनुकाची चाचणी. एक्झोम म्हणजे शरीरातल्या सगळ्या जनुकांचा प्रथिनं बनवणारा भाग वाचणं. एका खासगी प्रयोगशाळेत 24 हजार रुपये पडले. जांभळ्या टोपणाची नळी, आणि या रक्ताला घाई नसते. फ्रिजमध्ये दोनचार दिवस राहिलं तरी चालतं, गोठवायचं नाही. संमतिपत्र चार पानी. त्यात 'दुय्यम निष्कर्ष' असा एक रकाना असतो : शोधत नसलेलं काही गंभीर सापडलं, समजा कर्करोगाचा धोका, तर सांगायचं की नाही. हा रकाना तिथल्या तिथे भरू नका, घरी नेऊन बोला. आणखी एक, कच्च्या डेटाची मागणी अर्जावरच लिहा. फाइल काही जीबींची असते, पेन ड्राइव्ह किंवा लिंक मिळते. आज न सापडलेलं दोन वर्षांनी त्याच डेटात सापडू शकतं. पुन्हा रक्त नको, पुन्हा पैसे नकोत.

सांगितले होते सहा आठवडे, लागले आठ. 11 डिसेंबरला रिपोर्ट ईमेलवर आला. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत : रोगकारक बदल आढळला नाही.

घरात पेढे वाटायचे बाकी होते. बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या, "निगेटिव्ह आलं ना? मग ती रोजची औषधं कशाला घशात ओतता?" मेहुणेही त्याच मताकडे झुकले होते. यकृतात गळू झालेलं, आलेखावर डोंगर जेमतेम सरकलेला, हे सगळं एका ओळीने पुसलं जाणार होतं. सबंध प्रवासात खरा धोका कुठे असेल तर या आठवड्यात होता, आणि तो जंतूचा नव्हता. औषधं थांबवू नका म्हणून मी बहिणीला दोनदा फोन केला आणि रिपोर्ट शेवटपासून वाचायला घेतला.

नवव्या पानावर बारीक टायपात 'मर्यादा' असा परिच्छेद होता. ज्या जनुकांना जवळजवळ सारखी प्रतिरूपं आहेत तिथले बदल या पद्धतीने सापडतीलच असं नाही, असं लिहिलेलं. त्याआधीच्या तक्त्यात प्रत्येक जनुक किती नीट वाचलं गेलं त्याचे आकडे होते. सीवायबीबी शंभर टक्के. एनसीएफ1च्या पुढचा आकडा अगदीच गरीब.

एनसीएफ1ची भानगड अशी. सातव्या गुणसूत्रावर या जनुकाच्या दोन्ही बाजूंना त्याची दोन प्रतिरूपं आहेत, 98 टक्क्यांहून जास्त सारखी, पण बंद पडलेली. त्यांना स्यूडोजीन म्हणतात. एक्झोममध्ये डीएनएचे दीडेकशे अक्षरांचे तुकडे वाचतात आणि कुठला तुकडा कुठला ते संगणक जुळवतो. वाड्यावर ओळीने तीन घरं, तिन्हींवर 'गावकर' एवढीच पाटी, आणि पोस्टमनच्या हातात पाकिटावर 'गावकर' लिहिलेलं पत्र. संगणक अशा वेळी पत्र कुणालाच देत नाही, बाजूला काढून ठेवतो. आता गंमत बघा. बंद प्रतिरूपांच्या दुसऱ्या एक्झॉनच्या (जनुकाच्या प्रथिन बनवणाऱ्या तुकड्याच्या) सुरुवातीला जी आणि टी ही दोन अक्षरं गाळलेली असतात. कधीतरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओघात शेजारच्या प्रतिरूपाशी अदलाबदल होते आणि ती गाळलेली जागा खऱ्या जनुकात येते. दोन अक्षरं गेली की पुढचं सगळं वाचन घसरतं, प्रथिन मध्येच थांबतं. आणि एनसीएफ1च्या सीजीडीत बहुसंख्य रुग्णांत हाच एक बदल असतो, जगात बहुतेक ठिकाणी. म्हणजे सगळ्यात जास्त आढळणारा बदल नेमका तिथे, जिथे नेहमीची चाचणी आंधळी.

"आमच्यात नातं नाही, गावं वेगळी, मग दोघांकडून एकच बिघाड कसा आला?" हा मेहुण्यांचा प्रश्न रास्त होता. उत्तर याच अदलाबदलीत आहे. ती एका घराण्याची मिरास नाही. बिघाडाचं साहित्य प्रत्येकाच्याच शेजारी ठेवलेलं आहे. इतर जनुकांत दोन्हीकडून हुबेहूब एकच बदल आला तर नात्याची शंका घेतात, इथे घ्यायचं कारण नाही.

जानेवारी 2024मध्ये परळला पत्र लिहिलं, डीएचआरचा आलेख आणि एक्झोमचं तक्त्याचं पान जोडून. फेब्रुवारीत परत कोकणकन्या. या वेळी दोन गोष्टी झाल्या. पेशींच्या आत पी47 हे प्रथिन आहे का ते फ्लो सायटोमीटरवर पाहिलं. एनसीएफ1 जे बनवतं ते हेच. भाच्यात ते नव्हतं. कंट्रोलमध्ये होतं. दुसरी, जीन स्कॅन : त्या दोन अक्षरांच्या जागेचा तुकडा वाढवून लांबीनुसार वेगळा करायचा. तुकडे दोन प्रकारचे, फरक अवघ्या दोन अक्षरांचा, आलेखावर शेजारी शेजारी दोन सुळके. सर्वसाधारण माणसात खऱ्या जनुकाच्या दोन प्रती आणि प्रतिरूपांच्या चार, म्हणून सुळक्यांचं प्रमाण दोनास चार. वाहकात एकास पाच. रुग्णात खरा सुळका नाहीच, सगळे सहा गाळलेले.

18 मार्चला रिपोर्ट आला. भाचा शून्यास सहा. बहीण आणि मेहुणे दोघेही एकास पाच. अर्धं पान, सही, शिक्का.

यानंतर नातेवाइकांना सांगायचं काम. याला कुणी मदत करत नाही. आम्ही एक साधं मराठी पत्र तयार केलं : आजाराचं नाव, जनुकाचं नाव, बदलाचं नाव जसंच्या तसं, रिपोर्टची प्रत, आणि एक ओळ, 'वाहक माणसाला स्वतःला हा आजार होत नाही.' ती ओळ ठळक करा, कारण लोक तेवढीच वाचतात. लग्नाच्या वयाच्या मुली असलेल्या एका घराने पत्र उघडलंच नाही. सक्ती करता येत नाही, करूही नये.

भाच्याची आठ वर्षांची बहीण. तिची डीएचआर केली, स्वच्छ आली, म्हणजे आजार नाही. ती वाहक आहे का हे तपासलं नाही. निरोगी मुलांची वाहक चाचणी सहसा सज्ञान झाल्यावर त्यांच्या मर्जीने करतात, आणि मला ते पटतं. रक्त घेण्याआधी तिथल्या डॉक्टरांनी तिला स्वतःला विचारलं, चालेल का. सात ते बारा वर्षांच्या मुलांची तोंडी संमती संशोधनात घ्यावीच लागते. तिने विचारलं, सुई केवढी. दाखवली. मग हात पुढे केला.

माझा निकाल एकास पाच, नवऱ्याचा दोनास चार. माझ्या मुलांचा प्रश्न तिथे मिटला. धाकटा भाऊ एकास पाच.

आईने, म्हणजे भाच्याच्या आजीने, स्वतःहून रक्त दिलं. तसं गरजेचं नव्हतं. तिचं प्रमाण निघालं दोनास चार. म्हणजे हे आमच्याकडे आलं ते बाबांकडून, जे आता नाहीत. आणि आई वाहक नाही याचा आणखी एक अर्थ होता, तो तिला मी स्वयंपाकघरात बसून सांगितला : 1984 साली गेलेल्या त्या बाळाला हा आजार नव्हता. ज्या एका चौकोनावरून आम्ही दोन महिने एक्स गुणसूत्र धरून बसलो होतो, त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता. तिने तांदूळ निवडायचे थांबवले. "मग त्याला झालं काय होतं?" म्हणाली. ते आता कुठल्याच चाचणीत सापडण्यासारखं नाही.

घरात काय बदललं तेही थोडक्यात लिहिते, कारण हे रिपोर्टवर लिहून येत नाही. सीजीडीच्या मुलाला कुजणाऱ्या पाल्यातल्या बुरशीची फार भीती. एका दुपारचा भरपूर संपर्क फुप्फुसाला पुरतो. बहिणीचं सासर म्हणजे कुळागर : पोफळींच्या बुंध्यांशी पाला, मागे नारळाच्या सोडणांचा ढीग, खताचा खड्डा. पाला ओढताना, खत उपसताना पोर घरात नसतं, हा नियम. शेणाने सारवणं बंद. पावसाळ्यानंतर कपाटं उघडतानाही तो दूर. साचलेल्या कोमट पाण्यात डुंबणं बंद, वाहत्या नळाखाली काय ती मस्ती. चवथीची माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती आरास) बांधतात तेव्हा फळं-पानं ताजी असतात. उतरवताना सुकलेली पानं झडतात, त्या दिवशी त्याला आमच्याकडे डिचोलीला आणून ठेवतात. गोवर वगैरे विषाणूंच्या जिवंत लशी त्याला चालतात. वर्ज्य आहेत त्या बीसीजीसारख्या जिवंत जिवाणूंच्या. हे लसीच्या कार्डावर लाल पेनाने लिहून घ्या, कारण आरोग्य केंद्रात दर वेळी वेगळी नर्स असते आणि घाबरून सगळ्याच लशी थांबवणं हीही चूकच.

बहिणीला आणखी मूल हवं असेल तर दर गर्भारपणात चारात एक धोका. अकरा ते तेरा आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन तपासता येतं. त्यासाठी पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्याखाली नोंदलेलं केंद्र आणि 'जी' नमुन्यातली लेखी संमती लागते, आणि लिंग सांगत नाहीत. या जनुकाची प्रतिरूपांची भानगड माहीत असलेलीच प्रयोगशाळा हवी, आणि ती गर्भ राहण्याआधी ठरवून ठेवावी लागते. तिने अजून ठरवलेलं नाही. प्रत्यारोपणासाठी भावंडांचं एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) जुळवून पाहिलं आहे. तो विषय वेगळा आणि लांब आहे.

एकूण खर्च 61 हजार झाला. त्यात चाचण्या निम्म्याहून कमी, बाकी गाडी, राहणं, जेवण. मेहुण्यांचे बुडालेले दिवस यात धरलेले नाहीत.

शेवटचं काम ऑगस्ट 2024मध्ये निघालं. भाऊ वाहक, वहिनी नऊ महिन्यांची, आणि तिच्या जीन स्कॅनचा निकाल यायचा होता. बाळंतपणाच्या फाइलच्या पहिल्या पानावर आम्ही डॉक्टरांकडून लिहून घेतलं : डीएचआर होईपर्यंत बीसीजी देऊ नये. आपल्याकडे बीसीजी जन्मल्याबरोबर देतात, पण एक वर्षापर्यंत देता येते, त्यामुळे थांबण्यात फारसं काही जात नव्हतं. तरी पाळी बदलल्यावर नवी नर्स सिरिंज भरून आलीच. वहिनीने झोपल्या झोपल्या फाइलकडे बोट दाखवलं.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी, रविवारी दुपारी साडेचारला, तिचं दोन मिली रक्त आणि शेजारच्या बाईंचं दोन मिली घेऊन भाऊ थिवीला गाडीत बसला. डबा मांडीवर, एसी डब्यात, बर्फाशिवाय. सोमवारी सकाळी परळ. संध्याकाळी त्याने आलेखाचा फोटो पाठवला, डोंगर पार उजवीकडे. आठवड्याने वहिनीचा निकालही आला, दोनास चार. बीसीजी दिली तेव्हा मुलगी पाच आठवड्यांची होती. महिन्याभराने दंडावर फोड आला, पिकला, सुकला. काखेत काही आलं नाही.